खंडेनवमीचा धूर

मित्रांनो, मी एक जुनी उबेची पेटी आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री म्हणते, मला विसरू नका. मोडकी खुर्ची म्हणते, मलाही मन आहे. माझे तसे नाही. मला चार दिवस कुणी विसरले असते तर फार बरे झाले असते. पण माझी आठवण ठेवली, माझी पूजा केली, मला कुंकू लावले, आणि त्यातच माझ्या पोटातली लेकरे गेली. ती कशी गेली आणि दोष कुणाच्या माथी मारला, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दिसायला मी फ्रिजसारखी आहे. एकदा एका पाहुण्याने पाण्याची बाटली ठेवायला म्हणून माझे दार उघडले होते. तेव्हापासून कुणी मला फ्रिज म्हटले की माझे पित्त खवळते. फ्रिज गार करतो. मी ऊब धरते, आणि तीही गाईच्या अंगात असते तेवढीच, कमी नाही आणि जास्त नाही. माझ्या तळाशी पाण्याचे ताट असते, त्याने आतली हवा ओलसर राहते. शेजारच्या टाकीतून थोडा थोडा कार्बन डायऑक्साइड येतो. बाहेर एक लोखंडी दार, आत एक काचेचे दार, आणि दोन्ही लावली की मिट्ट काळोख. थोडक्यात सांगायचे तर मी गाईचे पोट आहे. फक्त मला शेपूट नाही, त्यामुळे माश्या आणि पाहुणे हाकलता येत नाहीत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आले. ज्यांना मूल होत नव्हते अशा जोडप्यांचे गर्भ तिथे काचेच्या बशीत वाढवत असत. तिथली शिस्त कडक होती. चपला बाहेर, हात धुतलेले, डोक्याला टोपी, आणि बोलणे हलक्या आवाजात. एकदा एक बाई अत्तर लावून आल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवले, आणि त्या तिथल्या मोठ्या डॉक्टर होत्या. कारण गर्भाला नाक नसले तरी वास त्याला मारू शकतो. धूर, रंगाचा दर्प, अत्तर, फिनेल, हे सगळे हवेतून माझ्या आत येते, बशीतला रस सुकू नये म्हणून वर सोडलेल्या तेलाच्या थरात उतरते आणि तिथून पेशींपर्यंत पोहोचते. एवढे ज्याला कळले त्यालाच माझ्याजवळ यायची परवानगी होती.

पुढे मी जुनी झाले आणि नव्या यंत्रांना जागा हवी म्हणून मला विकले. मला त्याचे वाईट वाटले नाही. मी धडधाकट होते. माझी ऊब तसूभर हलत नव्हती. सोलापुरात शुक्रवार पेठेत जनावरांच्या औषधांचे एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर सयाजी डॉक्टरांनी गाईंसाठी प्रयोगशाळा काढली होती. चार माणसांनी मला त्या अरुंद जिन्यावरून वर चढवले आणि दर पायरीला भिंतीवर आपटले. तो राग मी केव्हाच सोडून दिला आहे.

सयाजी डॉक्टर माणूस वाईट नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करते. त्यांचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. पोराने शिकावे म्हणून त्यांनी डबल पाळ्या केल्या आणि पोराने शिकून दाखवले. रेश्मा ही आमची भ्रूणतज्ज्ञ. बशीतल्या जिवांची सगळी देखभाल तिच्याकडे असते. दार उघडायचे झाले तर ती आधी सगळी तयारी करते, मग श्वास रोखून उघडते आणि काम होताच लावते. आणि तिसरा गुरप्पा. झाडलोट, पाणी, सामान, सगळे तो बघतो. तो अक्कलकोटकडचा, त्यामुळे मला कानडीत 'अव्वा', म्हणजे आई, म्हणतो. येताना माझ्याकडे बघून हात जोडतो आणि जाताना पुन्हा जोडतो. त्याच्यावर मला रागावता येत नाही, म्हणूनच बाकीच्यांवर जास्त राग येतो.

आता आमचे काम समजून घ्या. चांगल्या गाईच्या पोटातून डॉक्टर बारीक सुईने बीजांडे काढून घेतात. गाय उभीच असते आणि तिला दुखू नये म्हणून आधी औषध देतात. ती बीजांडे छोट्या ऊबदार डब्यातून जीपने सोलापूरला येतात आणि रेश्मा ती सूक्ष्मदर्शकाखाली निवडते. चांगले बीजांड ओळखायला अवघड नाही. तुम्ही सीताफळ खाता ना? त्याच्या बीभोवती गर कसा घट्ट धरून असतो, तसे चांगल्या बीजांडाभोवती बारीक पेशींचे घट्ट थर असतात आणि आतला रंग सगळीकडे सारखा असतो. वाईट बीजांड उघडेवाघडे आणि डागाळलेले असते. निवडलेली बीजांडे माझ्यात दिवसभर पिकतात, मग त्यांना वळूचे बीज भेटते. एकाच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तोपर्यंत तो भ्रूण स्वतःचे असे फारसे काही कमावत नाही. आईने बीजांडात जी शिदोरी बांधून दिली असेल, तिच्यावरच त्याचे चालते. आठ पेशींच्या पुढे गेला की तो आपली चूल मांडतो. आठवड्याभरात तो पुरेसा वाढला की त्याला एखाद्या तरुण गाईच्या पोटात ठेवतात आणि माझे काम संपते.

यात पेशी मरतातही. थोडे मरण चांगल्या भ्रूणातसुद्धा असते. एखादी पेशी अधू निघाली तर ती आपली आपण आवरते घेते. तिचे बारीक तुकडे होतात आणि शेजारणी ते गिळून टाकतात. त्याने काही बिघडत नाही, उलट बाकीच्या नीट वाढतात. पण शिदोरीच कमी पडली, किंवा बाहेरून विष आले, तर एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी जाते आणि सगळा गोळा काळा पडून विसकटतो. हे दोन मृत्यू सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. माणसांनी त्याचाच फायदा घेतला.

मैंदर्गीच्या चंद्रव्वाची गाय म्हणजे काजळी. जातीची खिलार, अंग पांढरे आणि डोळ्यांच्या कडा काळ्याभोर, म्हणून ते नाव. चंद्रव्वा लग्न होऊन मैंदर्गीला आली तेव्हा माहेरच्यांनी तिच्यासोबत एक कालवड धाडली होती. काजळी त्या कालवडीच्या वंशातली, आणि आता शेवटची. तिची एकुलती कालवड लंपीच्या साथीत गेली. पाठोपाठ काजळी ओढ्याच्या उतारावर घसरली आणि तिच्या कंबरेला असा मार बसला की पुन्हा गाभण राहिली तर वासराचे ओझे तिला पेलणार नव्हते. चंद्रव्वाचा मुलगा सोमेश सोलापुरात नोकरी करतो. बसलेली गाय म्हाताऱ्या आईच्याने एकटीने उठवत नाही, हे तो बघत होता. त्याने ठरवले की दुसऱ्या गाईच्या पोटातून काजळीचे वासरू मिळते का ते बघू, आणि नाहीच जमले तर काजळीला गोशाळेत पोहोचवू. चंद्रव्वाने मान डोलावली. काजळी आज ना उद्या जाणार हे तिला कळत होते. तिला दावणीला काजळीची एक लेक हवी होती, एवढेच.

पहिल्यांदा ज्येष्ठात बीजांडे आली आणि ती खरोखरच वाईट होती. खोटे कशाला बोलू? थर विरलेले, रंग डागाळलेला. दोन-चार फळली आणि चार पेशींवर थांबली. रेश्माने चंद्रव्वाला बसवून नीट समजावले. बीजांड काही एका रात्रीत तयार होत नाही, ते दोन-तीन महिने आधीपासून गाईच्या आत वाढत असते. म्हणजे चैत्र-वैशाखातले सोलापूरचे ऊन त्या बीजांडात आधीच शिरलेले होते. गाईला सावली, गारवा आणि चांगला चारा मिळाला तर पावसाळ्यानंतरची बीजांडे वेगळी निघतील, असे ती म्हणाली.

चंद्रव्वाने ते शब्द पदरात बांधून नेले. गोठ्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घातला. भर दुपारी ओली पोती काजळीच्या पाठीवर टाकली. घास, पेंड, डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पूड, सगळे वेळच्या वेळी दिले. पाण्याचा टँकर गावात कधी येतो आणि कधी नाही, पण काजळीची बादली भरल्याशिवाय तिने स्वतःच्या अंघोळीचे पाणी काढले नाही. मित्रांनो, गाईची काळजी घेणे म्हणजे काय, ते मी त्या बाईकडे बघून शिकले.

नवरात्रात दुसऱ्यांदा बीजांडे आली तेव्हा रेश्माने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. मग तिने गुरप्पालाही बोलावून दाखवले. भरघोस थर, सारखा रंग. म्हाताऱ्या गाईची इतकी चांगली बीजांडे तिने पाहिली नव्हती. चंद्रव्वा त्या दिवशी जीपबरोबरच आली होती. खोलीच्या काचेबाहेर उभे करून रेश्माने तिला दाखवले की मधल्या कप्प्यात डावीकडे काजळीची बशी राहील आणि उजवीकडे पृथ्वीराजसाहेबांच्या गीर गाईची. पृथ्वीराज हे मोठे बागायतदार. प्रयोगशाळा उभी राहिली त्यात त्यांचा हात होता. दोन्ही बश्या शेजारीशेजारी बसल्या. माझ्या दृष्टीने दोन्हींत फरक काहीच नव्हता. ऊब मी दोघींना सारखीच दिली.

सगळे छान चालले होते. चाराच्या आठ झाल्या. आता आईची शिदोरी संपणार आणि लेकरे आपली चूल मांडणार, असा तो नाजूक काळ होता. त्या दिवसांत त्यांना हात लावायचा नसतो, म्हणून रेश्मा सणाला बार्शीला माहेरी गेली. जाताना तिने माझ्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला की दार उघडू नये.

आणि खंडेनवमी उजाडली.

तुम्हांला माहीत आहे, त्या दिवशी आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालते त्याची पूजा करतात. शेतकरी नांगर-कोयता पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो. मागांच्या कारखान्यात तर त्या दिवशी खडखडाट थांबतो, माग धुऊन पुसून त्यांना हार घालतात आणि उदबत्त्यांच्या धुराने सगळी शेड भरून जाते. सयाजी डॉक्टर त्या धुरातच लहानाचे मोठे झाले. मागाला धूर चालतो. माग लोखंडाचा आहे. माझ्या पोटात आठ-आठ पेशींचे जीव होते.

गुरप्पाने नव्या पेठेतून झेंडूचे हार आणले. मला अंघोळ घालावी तसे ओल्या फडक्याने पुसले. वरच्या कडेवरून हार सोडला तो नेमका रेश्माच्या कागदावर आला आणि कागद झाकून गेला. हळद, कुंकू, नारळ, कापूर आणि उदबत्त्यांचा अख्खा जुडगा. पृथ्वीराजसाहेब सहकुटुंब पाहुणे म्हणून आले होते. गुरप्पा ओवाळता ओवाळता थांबला आणि त्याने अदबीने डॉक्टरांना विचारले, "साहेब, आत बी ओवाळू का?"

डॉक्टर हसून म्हणाले, "ओवाळ की. आतच तर सगळं आहे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझे दार उघडले. आधी लोखंडी, मग काचेचे. हा माणूस भ्रूणांवर शिकून आलेला आहे, हो. पाहुण्यांना म्हणाले, बघा, ही तुमची वासरे. गुरप्पाने डोळे मिटून उदबत्ती आत फिरवली. मग फोटो काढायचा ठरला. एक चांगला आला नाही म्हणून दुसरा काढला. पृथ्वीराजसाहेबांच्या घरच्यांना वेगळा हवा होता, तोही काढला. माझी ऊब उतरत होती, टाकीतून येणारा वायू खोलीत सांडत होता, आणि तो गोड वासाचा धूर कप्प्याकप्प्यात शिरत होता.

मी ओरडले. ऊब उतरली की ओरडायचे, एवढीच वाचा मला दिलेली आहे. मी जिवाच्या आकांताने किंचाळले. डॉक्टरांनी पाहुण्यांना सांगितले की ती अशीच ओरडते, जुनी आहे, आणि एक बटण दाबून माझा आवाज बंद केला. मग फोटो नीट आला.

त्या रात्री माझ्या आत काय झाले ते मी फार वर्णन करून सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. पेशी आठच्या पुढे जायला निघाल्या आणि वाटेतच कोलमडल्या. डावीकडच्या गेल्या, उजवीकडच्याही गेल्या. मी ऊब परत आणली होती, पण तेलात उतरलेला धूर मला बाहेर काढता येत नव्हता. माझ्या कपाळावर कुंकवाचे स्वस्तिक होते, गळ्यात हार होता, आणि पोटात सगळे मरत होते. असल्या सन्मानाला आग लागो.

दसऱ्यानंतर रेश्मा आली. दार उघडायच्या आधीच तिच्या कपाळाला आठी पडली, कारण माझ्या अंगाला कापराचा वास येत होता. आतल्या कप्प्यावर उदबत्तीची राख होती. दोन्ही बश्या तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि सगळे समजली. ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. तिकडून डॉक्टरांचा आवाज चढलेला ऐकू आला. झाले ते झाले, बाहेर बोलायचे नाही, असे ते सांगत होते. थोड्या वेळाने त्यांनी पृथ्वीराजसाहेबांना फोन लावला. साहेब, थोडी तांत्रिक अडचण आली, तुमची गाय एक नंबर आहे, आम्ही पुन्हा करून देतो, अजिबात काळजी करू नका. किती गोड आवाज होता तो.

ठरल्या दिवशी चंद्रव्वा आली. सोबत सोमेश होता. प्रयोगशाळेतल्या माणसांसाठी तिने भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली होती. डॉक्टरांनी तिला काचेबाहेरच्या बाकावर बसवले आणि सांगितले की एकही भ्रूण जगला नाही. गाईचे वय झाले, बीजांडांतच दम उरला नाही, मागच्या वेळीही तेच झाले होते, आता तिच्यावर आणखी मेहनत घेण्यात अर्थ नाही. हे सगळे त्यांनी अगदी सहानुभूतीने सांगितले. सोमेशने खाली बघत खिशातून मोबाइल काढला. गोशाळेचा नंबर त्याने आधीच घेऊन ठेवला होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते तर मी तिथून चालत बाहेर आले असते. एकाच कप्प्यात, एकाच धुराने मेलेल्या दोन बश्या. श्रीमंताच्या बशीचे नाव तांत्रिक अडचण आणि गरिबाच्या बशीचे नाव वाईट गाय. मूल झाले नाही की बाईला बोल लावायचा आणि वासरू झाले नाही की गाईला, ही तुमची रीत मी पुण्यातही पाहिली होती. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यावर ढकलले की सगळ्यांची सुटका होते.

चंद्रव्वाने काचेतून माझ्याकडे बोट दाखवले. मग तिने शांतपणे विचारले, "डाक्टर, त्या सायबांच्या गाईची बशी बी हितंच हुती की. उजवीकडं. तिची जगली का?"

"तो वेगळा विषय आहे, आजी," डॉक्टर म्हणाले.

रेश्मा आतून बाहेर आली. ती चंद्रव्वासमोर येऊन उभी राहिली. "नाही जगली, अव्वा. दोन्ही गाईंची सगळी गेली. तुमच्या काजळीची बीजांडं फार चांगली होती. मी स्वतः पाहिली आहेत."

आणि मग तिने पूजा, धूर, उघडे दार, दाबलेले बटण, सगळे सांगून टाकले. डॉक्टर मध्ये दोनदा तिचे नाव घेऊन दरडावले. ती थांबली नाही.

गुरप्पा झाडू घेऊन कोपऱ्यात उभा होता. उदबत्तीने काय होते ते त्याला आजवर कुणी सांगितलेच नव्हते. हे करू नको, ते करू नको, एवढेच सांगितले होते, आणि का ते सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. त्याने झाडू खाली ठेवला. "म्या ओवाळलं अव्वाला. म्हंजी म्याच मारलं व्हय?"

चंद्रव्वा त्याला म्हणाली, "तू इचारलंस की. इचारून केलंस. तुजं काय चुकलं?" मग ती डॉक्टरांकडे वळली. "माझ्या गाईला वाईट म्हनलासा. ते आधी माघारी घ्या. बाकीचं मागनं बोलू."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अखेर ते म्हणाले, "गाय चांगली आहे. चूक माझी झाली." इतक्या हळू म्हणाले की फोनवरचा तो गोड आवाज यांचाच का, असा प्रश्न पडावा. पण म्हणाले. सोमेशने मोबाइल खिशात टाकला आणि मायलेक मैंदर्गीला परत गेली. माझा राग मात्र उतरला नाही. माफी मागितल्याने मेलेली पेशी जिवंत होत नाही, आणि म्हाताऱ्या गाईकडे वेळ थोडा असतो.

तसेच झाले. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सगळे फुकट करायचे कबूल केले, पण लगेच सुई घालणे काजळीला झेपले नसते. थंडी सुरू झाली, तिने चारा कमी केला, अंग उतरले. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास शेवटी बीजांडे काढली तेव्हा ती थोडीच निघाली आणि बहुतेक उघडी पडलेली होती. घट्ट थराचे एकच होते. ते फळले. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. रेश्मा कुणाशी धड बोलेनाशी झाली. गुरप्पा खोलीत येण्याआधी कपड्यांना वास तर येत नाही ना, हे हुंगून बघायला लागला. विडी त्याने सोडली.

परवा काजळी बसली ती उठलीच नाही. चंद्रव्वाने तिला शेताच्या बांधाला पुरले आणि आज सकाळच्या एसटीने ती एकटीच इथे आली. आता काजळीचे या जगात जे काही उरले आहे, ते माझ्या मधल्या कप्प्यात आहे. मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान.

तिला बघून डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हते, मी सांगते. ते तिला आत घेऊन आले, माझ्यासमोर उभे केले आणि माझ्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. "या आजी. तुमच्या काजळीचं आहे. दार उघडून दाखवतो."

मित्रांनो, माणसे अशीच असतात. राग आला तर दार आपटतात आणि माया आली तर दार उघडतात. मला ओरडताही येईना, कारण ऊब अजून उतरली नव्हती. रेश्मा खाली दुकानात गेली होती. मूठ अर्धी फिरली.

चंद्रव्वाने डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवला. "नगा, डाक्टर. लावल्यालंच असू द्या," ती म्हणाली. "काजळीनं बी पोटातलं वासरू कदी उघडून दावलं न्हाय. आमी वाट बघायचो."

डॉक्टरांनी हात काढून घेतला.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू शेवटी तुम्हांला विनंती करतात. मी ताकीद देते. ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे आधी विचारा आणि मग हात लावा. आणि आपला हात चुकला तर दोष मुक्या जनावरावर ढकलू नका. मला हार नको, कुंकू नको, माझा फोटोही काढू नका. तळाचे पाणी बदला आणि दार लावा, तेवढे पुरे आहे.

चंद्रव्वा बाहेर बाकावर बसली आहे. गुरप्पाने तिला चहा आणून दिला, आणि पिऊन झाल्यावर रिकामा कप मात्र खोलीपासून लांब, जिन्यात नेऊन ठेवला. भ्रूण आठ पेशींच्या पुढे गेला आहे. एक पेशी मघाशी गळून पडली, पण बाकीच्या ठीक आहेत. जगेल का, असे चंद्रव्वाने अजून एकदाही विचारलेले नाही.